ऋतुमानाप्रमाणे व्यायाम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, त्याचा आम्हांस आनंद आहे. तथापि प्रथम एक कबुली देणे प्राप्त आहे. शिक्षक असताना परीक्षा जवळ आली की व्यायामाचा तास आम्ही गणितास घेत असू. मुलांचे गुण वाढले. परंतु त्यांतील कित्येक जण आज ऐन चाळिशीत रत्नदुर्गाच्या चढावर धापा टाकीत बसतात, हे पाहून ती चूक मनास लागते. ह्याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांनी कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यास दिले. मंडालेच्या सहा वर्षांच्या कारावासात तीच पुंजी कामी आली.

आपल्या नगरीत जागेची वाण नाही. नवशिक्याने मांडवीच्या सपाटीवर आरंभ करावा. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर धावावे. भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे जाते, म्हणून आदल्या दिवशी पाहून ठेवावी. दम वाढल्यावर रत्नदुर्गाचा चढ घ्यावा. सायकलीस भाट्याच्या पुलावरून पावसचा रस्ता उत्तम. तो अंगवळणी पडला म्हणजे आरे-वारेवरून गणपतीपुळे, सुमारे पंचवीस किलोमीटर. हातखंब्याकडील महामार्ग मात्र अवजड वाहनांचा. तिकडे मुलांस पाठवू नये.

वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे की, थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत व्यायाम करावा, इतर काळी त्याहून कमी. कोकणास हे तंतोतंत लागू पडते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते. तेव्हा घरीच सूर्यनमस्कार व जोर-बैठका काढाव्यात. दसऱ्यास आरंभ करून अंतर हळूहळू वाढवावे; एका आठवड्यात दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढ नको. मार्गशीर्ष ते माघ हा खरा मेहनतीचा काळ. चैत्र-वैशाखात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून सूर्योदयापूर्वीच आटोपावे आणि मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे.

आता भगिनींच्या वतीने दोन शब्द. पहाटे मुलगा धावावयास निघाला तर आपण कौतुक करतो. मुलगी निघाली तर ‘लोक काय म्हणतील?’ असे विचारतो. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्या घराने लोकांच्या बोलण्याकडे पाहिले असते तर?

आमची विनंती एवढीच की, पुढील संमेलनात गुणपत्रिकेबरोबर वर्षभर नेमाने धावलेल्या मुलामुलींचाही सत्कार व्हावा. आणि दर रविवारी पहाटे प्रत्येक घरातील एका वडीलधाऱ्याने मुलांसमवेत, विशेषतः मुलींसमवेत, मांडवीस यावे. आम्ही तेथे असू. धावणे आता आमच्याने होत नाही, पण हजेरी घेण्याची सवय अद्याप सुटलेली नाही.