मोठी लाईन यायच्या आधी दावा पुरा करा
(पाड्यावरच्या बैठकीत केलेले भाषण)



 मी बारावी झालेली मुलगी, मोठं भाषण करणार नाही. लाईनीबद्दल बोलते, कारण वरच्या माळावर पुन्हा लाल रंग मारलेले दगड दिसायला लागलेत.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? करोनाचं वर्ष. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. दिवसभर टीव्हीवर एकच, पडघे-कळवा लाईनीत बिघाड. पडघे म्हणजे आपल्या भिवंडी तालुक्यातलं. तिथं १९९९ पासून चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर वीज येते. कोळसा जळतो तिकडं, दिवा लागतो शहरात, टॉवर उभे राहतात मधल्या रानात आणि शेतात. त्या दिवशी आमच्या पाड्यावर कुणाला काही कळलंच नाही. आमची रोजच जाते.

लाईनच नको, असं मी म्हणत नाही. आपलीच पोरं डोंबिवलीच्या एमआयडीसीत हेल्पर आहेत, आपल्या बाया कल्याणच्या बाजारात रानभाजी विकतात. शहराला वीज लागणारच. माझं विचारणं एवढंच, की लाईन आपल्या शेतातून जाते तेव्हा आपण कागदावर असतो का?

धरणाला जमीन संपादन करतात. लाईनीला करत नाहीत. २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ कलमानं लाईनवाल्यांना १८८५ च्या, म्हणजे इंग्रजांच्या तारायंत्राच्या कायद्यातले अधिकार देता येतात. जमीन तुमचीच राहते, ते फक्त वापर घेतात, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची. अडवलं तर जिल्हाधिकारी हुकूम काढू शकतो. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायालयात जाता येतं. २२० केव्हीच्या लाईनीला ३५ मीटरचा पट्टा लागतो, ४०० केव्हीला ४६ ते ५२ मीटर. म्हणजे शंभरावर हात. त्यात घर बांधायचं नाही, उंच झाड ठेवायचं नाही.

पैशाचं ऐका. २०१५ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं, टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये तेच २०० आणि ३० टक्के केलं. ऐकायला बरं वाटतं. पण जमीन कुणाच्या नावची धरणार? ज्याचा सातबारा त्याची. आपल्यातल्या कितीजणांचे वनहक्काचे दावे अजून फाईलीतच आहेत!

माझ्या चुलत्यांचं सांगते. वनप्लॉटवर नाचणी-वरई करायचे, दावा टाकलेला, पट्टा हातात नाही. ठेकेदाराचा माणूस आला, म्हणाला, "काका, हजेरी आहे, अंगठा द्या." त्यांनी दिला. तो पंचनामा होता. त्यात लिहिलेलं, पीक नाही, किरकोळ झुडपं. प्रत्यक्षात दोन आंबे होते आणि एक मोह. ज्याची फुलं आजी वेचायची तोच मोह. भरपाई आली नाही. मी तेव्हा अकरावीला होते. कागदाची नक्कल मी दोन महिन्यांनी वाचली. वाचणारी घरातच होती, हे मला अजून बोचतं.

दुसरीकडं बघा. कुडूस ते आरे ही मुंबईला नेणारी लाईन. आराखड्यात ८० किलोमीटर, त्यातले ५० जमिनीखालून आणि ३० टॉवरवरून. शहराकडं तार खाली पुरता येते. आपल्याकडं मात्र "दुसरा मार्गच नाही" असं सांगतात. पुरायला खर्च जास्त, हे खरं. पण तो खर्च कुणासाठी करायचा, हे कुणीतरी ठरवतंच ना?

आता कातकरी भाऊ-बहिणींनी नीट ऐका. ३ ऑगस्ट २००९ च्या पत्रानं वनजमीन वळती करायला ग्रामसभेचा ठराव लागायला लागला. ५ फेब्रुवारी २०१३ ला पर्यावरण मंत्रालयानं दुसरं पत्र काढलं. रस्ता, कालवा, पाईपलाईन, वीजलाईन असल्या लांब कामांना तो ठराव नको. पण त्यात अपवाद ठेवला, आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना बाधा येत असेल तर ठराव लागणार. महाराष्ट्रात आदिम म्हणजे कातकरी, कोलाम, माडिया. शब्द बघा, "मान्य झालेले". नुसता टाकलेला दावा तिथं पुरत नाही. म्हणून कातकरी वाड्यांचे दावे आधी पुढं सरकवायचे. बाकीच्यांना वनहक्क कायद्याचं कलम ४(५) आहे, तपासणी पुरी झाल्याशिवाय ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. २०२२ च्या नियमांनी वनहक्काची पूर्तता बघायचं काम राज्य सरकारवर टाकलंय, म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडंच द्या आणि पोच घ्या.

आणि गंमत बघा. आपल्या पाड्यावर विजेचे खांब आणायचे तर त्याच कायद्याचं ३(२) आहे. एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ झाडांपर्यंत, ग्रामसभेच्या शिफारशीनं. आपल्या दिव्याला ठराव लागतो, त्यांच्या लाईनीला नको. ज्या पाड्यांवर अजून खांब नाहीत त्यांनी तो ठरावही याच ग्रामसभेत घ्या.

कोऱ्या कागदावर अंगठा नाही. पंचनाम्यात कसणाऱ्याचं नाव, दाव्याचा नंबर, प्रत्येक झाड. ४०० केव्हीच्या तारेपासून झाड साडेपाच मीटर लांब हवं. त्यामुळं काही झाडं छाटून भागतं, कोणतं तोडणार ते लेखी मागा.

शनिवारी सकाळी माळावर जमू. वनहक्क समितीनं दाव्यांची यादी आणावी. झाडांना नंबर टाकायला चुना मी आणते.