आधी एक वाफा

(१९७९च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'इंग्लंडमध्ये नाव कमावलेली आपली वर्गमैत्रीण' अशी करून दिली. नाव काही फार कमावलं नाही. तीस वर्षं एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर मात्र एक गोष्ट कमावली, ती म्हणजे जमीन. लेस्टर शहरात माझ्याकडे सव्वा गुंठा जमीन आहे, तीसुद्धा भाड्याची. हसा, हसा! ऊस लावणाऱ्यांच्या गावात सव्वा गुंठा सांगितल्यावर दुसरं काय होणार?

पण आज त्या सव्वा गुंठ्याबद्दलच बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. सकाळच्या बैठकीत शाळेमागच्या पाच गुंठ्यांचा विषय निघाला. आपल्या वेळी तिथे बाग होती, आज काटेरी रान आहे. जेसीबी लावून दोन तासांत साफ करायचं आणि पोरांसाठी परसबाग उभी करायची, असं ठरत आलं आहे. हेतू चांगला आहे, वर्गणीही जमली आहे. तरी जेसीबीला फोन करण्याआधी माझं पंधरा मिनिटं ऐका, एवढीच विनंती.

इंग्लंडमध्ये गावोगावी 'अलॉटमेंट' नावाची सोय असते. शेतीसाठी राखलेल्या जागेचे छोटे तुकडे करून ते नागरिकांना वर्षाच्या भाड्याने देतात. १९०८च्या कायद्यानुसार लोकांनी मागणी केली, तर अशी जागा उपलब्ध करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर येते. जुन्या मापाने एक पूर्ण प्लॉट म्हणजे १० रॉड, म्हणजे आपले अडीच गुंठे. भाजी मुख्यतः घरी खाण्यासाठी पिकवायची, धंद्यासाठी नाही. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा अशा प्लॉटची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली होती. लंडनच्या टॉवरच्या खंदकातसुद्धा लोकांनी भाजीपाला लावला होता. आज प्लॉट कमी आणि मागणारे जास्त आहेत. अर्धा प्लॉट मिळायला मला दोन वर्षं थांबावं लागलं.

आमचे हे गेले, त्याच वर्षी मी नाव नोंदवलं होतं. मुलं आपापल्या गावी. घरात टीव्ही सोडला तर कुणाचा आवाज नाही. शनिवार-रविवार तर खायला उठायचे. तेव्हा मला छंद हवा होता असं नाही. कुठेतरी जाणं भाग पडेल, असं काहीतरी हवं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्लॉट ताब्यात आला. ताब्यात आला म्हणजे काय, तर लोखंडी फाटकापासून चार पावलांवर डोक्याइतकं उंच रान उभं होतं. आधीचे गृहस्थ नव्वदीला टेकलेले, गुडघ्यांमुळे चार वर्षं फिरकलेच नव्हते. आणि करारात अट अशी होती, की पहिल्या बारा महिन्यांत निदान पाव हिस्सा लागवडीखाली आला पाहिजे, नाहीतर प्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार.

शेजारच्या प्लॉटवर एक गुजराती काका आहेत. १९७२ साली युगांडातून ईदी अमीनने हाकललेल्या कुटुंबांपैकी. लेस्टरमध्ये अशी घरं पुष्कळ. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बहेन, पहिला आठवडा हातात काही धरू नका. फक्त फिरा आणि बघा, कोण कोण राहतं इथे." मी वही घेऊन गेले. प्रयोगशाळेची सवय, नमुना ओळखल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सगळ्यात वर होतं ब्रँबल, म्हणजे रानटी ब्लॅकबेरी. तिच्या काटेरी फांद्या कमानीसारख्या वाकतात आणि टोक जमिनीला टेकलं की तिथेच मूळ धरतं. म्हणजे एका झुडपाची दोन, दोनाची चार. तिच्या आधाराने चढलेली बाइंडवीड, आपल्या चांदवेलीच्या जातीची. खाली काऊच नावाचं गवत, वागण्यात अगदी आपली हरळी. मधूनमधून डॉक, आंबट चुक्याच्या कुळातला, पण मूळ गाजरासारखं खोल. एका कोपऱ्यात नेटल, अंगाला लागलं की आग होते. पण काका म्हणाले, नेटल जोमाने वाढलंय म्हणजे तिथली माती कसदार. ते ऐकून मी वहीत त्या कोपऱ्यावर चांदणी काढली.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक तणाचा जीव वेगळ्या ठिकाणी असतो. ब्रँबलचा जीव बुडाशी, जमिनीलगतच्या गड्ड्यात. फांद्या कितीही कापा, गड्डा राहिला तर ती पुन्हा येणार. आणि गड्डा निघाला, तर खालची मुळं राहिली तरी चालतात. काऊचचं उलट. त्याचा जीव जमिनीखाली पसरलेल्या पांढऱ्या काशांमध्ये असतो. तिथे यंत्र फिरवलं, रोटाव्हेटर घातला, की दोन दिवस जमीन आरशासारखी दिसते. पण एका काशीचे वीस तुकडे झालेले असतात, आणि प्रत्येक डोळ्यातून नवं गवत फुटतं. बाइंडवीडचंही तेच. म्हणून तिथली जुनी मंडळी सांगतात, ब्रँबलला कुदळ आणि काऊचला बोटं.

ब्रँबल कापायची ती हिवाळ्यात. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीचा काळ, आणि वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा तिथे गुन्हा आहे. मी लांब दांड्याची कात्री, कातडी हातमोजे आणि चार दातांचा फोर्क घेतला. फांद्या वरून खाली, हातभर तुकडे करत उतरवायच्या, कारण मधूनच ओढली की अख्खी जाळी अंगावर येते. मग बुडखा खणून काढायचा. लेस्टरची माती चिकण, ओली झाली की बुटाला दोन-दोन किलो चिकटते. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. मी खणायला लागले की रॉबिन नावाचा तांबड्या छातीचा चिमणीएवढा पक्षी फोर्कजवळ येऊन बसायचा, वर आलेले गांडूळ टिपायला. बऱ्याच शनिवारी माझ्याशी बोलायला तेवढाच असायचा.

पण सव्वा गुंठा एकदम साफ करायचा नाही, हे काकांनी बजावलं होतं. उघडी पडलेली माती उघडी राहत नाही. तुम्ही पेरलं नाही, तर तण पेरतं. म्हणून नियम असा, की जेवढं लावता येईल तेवढंच मोकळं करायचं. मी चार फूट रुंद आणि पंधरा फूट लांब असा एक वाफा आखला. रुंदी चार फूट का, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. त्या एका वाफ्याला तीन शनिवार लागले. काशा, वेलीची मुळं बोटांनी वेचून पाण्याच्या पिंपात बुडवली. महिना-दोन महिन्यांत कुजून जातात, मगच खतात टाकायची. ऑक्टोबरअखेर तिथे लसूण लावला. लसणाला थंडी हवीच असते. दुसरा वाफा नोव्हेंबरात झाला, तिथे ब्रॉड बीन्स, घेवड्यासारख्या शेंगा.

उरलेल्या जागेवरचं रान फक्त जमिनीलगत कापलं आणि दुकानांमागे पडलेले मोठे पुठ्ठे आणून अंथरले. चिकटपट्टी सोलून, एकावर एक वीतभर चढवून, वर शेणखताचा थर. उजेड मिळाला नाही की खालचं बरंचसं तण थकतं. मे महिन्यात शेवटचं दव गोठून गेल्यावर त्याच पुठ्ठ्याला भोकं पाडून भोपळे लावले. जमीन साफही होत होती आणि पीकही देत होती.

मार्चअखेर बटाटे, मे-जूनमध्ये मेथी आणि कोथिंबीर. पुढच्या ऑक्टोबरात पाहणीला माणूस आला तेव्हा सहा वाफे लागवडीत होते. पाव हिस्सा भरून थोडा जास्तच. प्लॉट राहिला.

पण मला त्या पाहणीपेक्षा दुसरी भेट जास्त लक्षात आहे. रान काढताना खाली काय काय सापडलं होतं. विटांची एक पायवाट, रुबार्बचा जुना गड्डा आणि गूजबेरीची तीन झुडपं, एका ओळीत, बरोबर पाच-पाच फुटांवर. कुणीतरी दोरी धरून लावलेली. ती मी ठेवली. जुलैत ते आधीचे गृहस्थ मुलीबरोबर चाकाच्या खुर्चीतून आले. गूजबेरीकडे बघून म्हणाले, "छाटणी हिवाळ्यात कर." मग वाफे मोजले. "सहा? मला पहिल्या वर्षी चारच जमले होते." बस, एवढंच. पण त्या दिवशी मला कळलं, की मी रान साफ करत नव्हते. कुणीतरी चाळीस वर्षं केलेलं काम जिथे थांबलं होतं, तिथून पुढे नेत होते.

आता आपल्या शाळेमागे येऊ. काल संध्याकाळी मी तिथे वही घेऊन तासभर फिरले. वर घाणेरी आहे, कुंपणाकडे गाजरगवत. १९५०च्या दशकात पुण्यात दिसलं होतं, ते आज आपल्या परसात आलंय. मध्ये हरळी, आणि नळांच्या बाजूला, जिथे ओल आहे तिथे, लव्हाळा. घाणेरीला कुदळ लागेल, पण ती ब्रँबलसारखीच, बुडख्यासकट गेली की गेली. गाजरगवत फुलण्याआधी उपटायचं, हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज येते. हरळीसाठी आपल्याकडे असं औषध आहे, की जे इंग्लंडमध्ये कितीही पैसे मोजून मिळत नाही. एप्रिल-मेचं ऊन! जमीन खणून काशा वर काढा, उन्हात वाळू द्या, वेचून घ्या. लव्हाळा मात्र चिवट. त्याच्या जमिनीखाली गाठींच्या माळा असतात. तो आच्छादनातूनही वर येतो, गाठीसकट पुन्हा पुन्हा खणावाच लागतो.

जेसीबी काय करेल? घाणेरी नक्की काढेल. पण त्याबरोबर वरची वीतभर काळी माती ओढून कुंपणाशी ढीग लावेल, आणि तीच तर आपली खरी ठेव. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी पाचही गुंठ्यांत पसरवेल. उद्घाटनाचा फोटो छान येईल. आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे आजच्यापेक्षा दाट रान असेल.

आणखी एक. कार्यानुभवाचे सर आज समोर बसले आहेत. सर, आम्ही आठवीत असताना तुम्ही आमच्याकडून त्या बागेत कढीपत्ता लावून घेतला होता. मुलांनी आळी केली, मुलींनी कळशीने पाणी घातलं. तो कढीपत्ता अजून आहे, सर. घाणेरीच्या आत, मूळ खोड वाळलंय, पण भोवती मुळांतून फुटलेली आठ-दहा रोपं उभी आहेत. मी पान चुरगळून वास घेतला, तोच आहे. शेवग्याचाही एक बुंधा फुटलाय. जेसीबीच्या फाळाला तण कुठलं आणि आपला कढीपत्ता कुठला, हे कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. पाच गुंठे राहू द्या, पहिल्या वर्षी एक गुंठा घेऊ. बाकीच्या जागेवरचं रान कापून वर उसाचं पाचट अंथरू. आपल्याकडे ते शेतात पेटवून देतात, पुठ्ठे शोधत फिरायची गरज नाही. शाळेच्या नळांखालचं वाया जाणारं पाणी वाफ्यांकडे वळवू. पावसाळ्याच्या तोंडावर भेंडी, गवार, घेवडा. दिवाळीनंतर मेथी आणि पालक. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत पोषण आहार मिळतोच, त्या खिचडीत पोरांनी स्वतः तोडलेली भाजी पडेल. जमलेली वर्गणी बुडणार नाही. तिच्यातून शेळ्यांसाठी कुंपण, कुदळी, खुरपी आणि हातमोजे घेऊ.

तुम्ही म्हणाल, ही बाई सल्ला देऊन विमानात बसणार. मी १५ फेब्रुवारीपर्यंत गावात आहे. तोवरच्या प्रत्येक शनिवारची एक कुदळ माझी. त्यानंतर गावात आणि आसपास राहणारे आपण चौदा जण उरता. शनिवारी शाळा सकाळची असते. दोघांनी एक शनिवार घेतला, तर प्रत्येकाची पाळी सात आठवड्यांनी एकदा येते. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मघाशी चहाच्या वेळी सांगितलं, की निवृत्तीनंतर दिवस जात नाही. माझाही जात नव्हता.

मागच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. तिच्यात पैशाचा रकाना नाही, शनिवारचा आहे. पहिला शनिवार माझ्या नावावर आहे, शेजारची जागा मोकळी आहे. सर, तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि वाफा सरळ आखला जातोय का, तेवढं बघा. जेवायला जाण्याआधी बाकीच्यांनी वहीपाशी येऊन आपापली तारीख लिहावी.