बिल्ल्याचा खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा भाग)



जनावराच्या कानात बिल्ला मारून त्याची नोंद संगणकात ठेवण्याची पद्धत काही पशुपालक तत्परतेने स्वीकारतात, काही टाळतात. असे का, म्हणून विचारले की टाळणाऱ्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखवले जाते. हे निदान मला मुळातच चुकीचे वाटते. नोंदीचा भार कोणाच्या माथी आणि लाभ कोणाच्या पदरी, एवढे गणित दोन गायींचा धनीही अचूक मांडतो.

अमेरिकेतील पशुपालकास कोणी अज्ञानी म्हणणार नाही. तेथे २००३ च्या डिसेंबरात 'मॅड काऊ' रोगाची गाय आढळली आणि २००४ मध्ये राष्ट्रीय नोंदणीची योजना पुढे आली. योजनेत एक मेख होती. कंपन्यांच्या कोंबड्या-डुकरांच्या अख्ख्या कळपास एकच क्रमांक चालणार होता. लहान शेतकऱ्यास मात्र एकेका जनावराची नोंद करावी लागणार होती. विरोध इतका झाला की २०१० मध्ये सरकारला ती योजना गुंडाळावी लागली. उलट उरुग्वेत माणसांच्या तिपटीहून अधिक गुरे आहेत आणि गोमांसाची निर्यात हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे. २००१ च्या लाळ-खुरकूत साथीने परदेशी बाजार बंद होणे म्हणजे काय, हे तेथील पशुपालकांनी सोसले होते. २००६ पासून प्रत्येक वासराची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. बिल्ले सरकारने विनामूल्य दिले. पद्धत रुजली.

आता आपल्याकडे पाहू. आपला बिल्ला साध्या प्लास्टिकचा. त्यावरील बारा अंकी क्रमांक 'भारत पशुधन' या संगणक प्रणालीत चढतो. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधास लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, त्यासाठी गायीस बिल्ला असण्याची अट घातली. पुढे १ जून २०२४ पासून बिल्ल्याविना जनावराच्या खरेदी-विक्रीस मनाई झाली. एका हाती अनुदान, दुसऱ्या हाती मनाई! आमच्या पाठ्यपुस्तकांत यासही 'निवड' असेच म्हणतात. पण म्हैस पाळणाऱ्या भूमिहीन बाईच्या वाट्यास यातील काय आले? अनुदान गायीच्या दुधापुरते होते, तेही संकलन केंद्रावर घातलेल्या. घरोघर रतीब घालणारी त्यात बसली नाही. बिल्ल्याचे बंधन मात्र तिच्या म्हशीसही लागू झाले.

गळ्यातील पट्ट्यात यंत्र बसवून गायीचा माज ओळखण्याची सोयही आता निघाली आहे. माज चुकला की गाय २१ दिवस मागे पडते, चारा मात्र चालूच. पन्नास गायींच्या गोठ्यात हे यंत्र आपली किंमत भरून काढू शकते. दोन गायींच्या दावणीवर ते काम घरची बाई गायीचे हंबरणे ऐकूनच करते. तिने पट्टा घेतला नाही तर तो तिचा हिशेबीपणा होय.

तेव्हा आपला विरोध बिल्ल्यास असू नये. साथ आटोक्यात आणण्यास, लसीकरणाचा माग ठेवण्यास नोंद हवीच. प्रश्न आहे तो तिच्या अटींचा. पशुविम्यात 'बिल्ला नाही तर दावा नाही' असा दंडक आहे. बिल्ला झुडपात अडकून तुटतो, कान फाटतो, आणि जनावर दगावल्यावर हप्ते भरलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. गळालेला बिल्ला त्वरित व फुकट बदलून मिळणे, विक्रीनंतर नवा मालक गावच्या दूध संस्थेतच नोंदला जाणे आणि आपल्या जनावराची नोंद धन्यास स्वतः पाहता येणे, या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील संकलन केंद्रांवर जावे. किती जणांचे दावे बिल्ल्याअभावी फेटाळले गेले, नवा बिल्ला किती दिवसांनी मिळाला, त्यासाठी कोणी पैसे घेतले काय, हे गावनिहाय लिहून आणावे. ती यादी हाती आली म्हणजे पशुसंवर्धन खात्याकडे शिष्टमंडळ नेता येईल.