विहीर सामाईक, गाळ कोणी काढावयाचा?



पगारातून भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी वजा करणे, कर्जावरील व्याज काढणे, दोन तारखांमधील दिवस मोजणे, या कामांसाठी लागणारी संगणकाची आज्ञावली प्रत्येक कचेरीत जवळजवळ सारखीच असते. एकाने ती नीट लिहिली, तर दुसऱ्याला तीच वापरता येते. अशा तयार तुकड्यांच्या संग्रहाला प्रोग्रॅमर 'लायब्ररी' म्हणतात. परंतु तो तुकडा कोणाच्या मालकीचा, आणि त्यात दोष निघाल्यास तो कोणी दुरुस्त करावयाचा, हा वाद सत्तर वर्षे चालू आहे.

ऑगस्ट १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे, रँड कॉर्पोरेशनच्या वास्तूत, आयबीएम ७०४ हे नवे यंत्र घेणाऱ्या संस्थांचे तंत्रज्ञ एकत्र आले. त्यांत विमाने बांधणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसे होती. मालक सरकारी कंत्राटांसाठी झुंजत असताना नोकरांनी आज्ञावलींची देवघेव ठरवावी, हे दृश्य मोठे मौजेचे! त्यामागे परोपकार मात्र नव्हता. आधीच्या ७०१ या यंत्रासाठी तीच प्राथमिक कामे प्रत्येक कचेरीने आपापली लिहिली होती आणि नव्या यंत्रावर ती चालणार नव्हती. तोच खर्च पुन्हा करण्यापेक्षा, शेतकरी सावड करतात तसे, काम वाटून घ्यावे, एवढाच त्यांचा हिशेब होता. संघटनेचे नाव त्यांनी 'शेअर' ठेवले. आज्ञावलींच्या प्रती सभासदांना पोचविण्याचे काम खुद्द आयबीएम करीत असे. आज्ञावली फुकट मिळाली की यंत्रे खपतात, हे ती ओळखून होती. व्यापारी कामाची यंत्रे वापरणाऱ्यांचीही 'गाइड' ही अशीच संघटना निघाली. त्यांच्यासाठी घडविलेल्या कोबोल भाषेत तर संग्रहातील मजकूर जसाच्या तसा उचलून घेण्यासाठी 'कॉपी' ही आज्ञाच आहे.

जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये यंत्र व आज्ञावली यांची किंमत वेगळी आकारण्याचे कंपनीने जाहीर केले. छोट्या आज्ञावली-उत्पादकांना त्यामुळे वाव मिळाला, हे नाकारता येणार नाही. परंतु कालपर्यंत देवघेवीची असलेली वस्तू विक्रीचा माल झाली, हेही तितकेच खरे.

पुढे मुक्त आज्ञावलींच्या चळवळीने देवघेवीची वाट पुन्हा मोकळी केली. आज बँका, विमा कंपन्या, दुकाने यांच्या आज्ञावलींचा मोठा भाग अशा सामाईक तुकड्यांवर उभा असतो. 'लॉगफोरजे' हा त्यांपैकीच एक. आज्ञावली काय करीत आहे याची नोंद ठेवणे, एवढेच त्याचे काम. डिसेंबर २०२१ मध्ये त्यातील भयंकर दोष उघडकीस आला: नोंदीत विशिष्ट मजकूर शिरविला, तर परक्याची आज्ञावली त्या संगणकावर चालविता येत होती. जगभरच्या कंपन्यांची धावपळ उडाली. दुरुस्ती करणारे होते दिवसा अन्यत्र नोकरी करणारे मूठभर स्वयंसेवक. विहीर सर्व गावाने उपसावी आणि गाळ काढण्याची पाळी चौघांवरच यावी, असा हा प्रकार होता.

यावर सर्वांनी हात लावावा, असे सांगणे सोपे आहे. परंतु हात लावणाऱ्याला मोकळीक आहे काय? १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल, तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. पुण्यातील एखाद्या प्रोग्रॅमरला बँकेचे काम करताना सामाईक तुकड्यात दोष सापडला आणि त्याने तो दूर केला, तरी ती दुरुस्ती मूळ संग्रहाकडे परत पाठविण्यासाठी त्याला कंपनीची अनुमती लागते. अनुमती कोणी द्यावयाची हेच पुष्कळदा ठरलेले नसते. मग दुरुस्त प्रत कंपनीच्याच कपाटात राहते. शेजारच्या इमारतीतील दुसरा प्रोग्रॅमर तोच दोष नव्याने शोधतो. सांता मोनिकाची बैठक जो अपव्यय थांबविण्यासाठी भरली होती, तो असा मागल्या दाराने परत येतो.

फुकट घेतलेल्या तुकड्यांवर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी दुरुस्ती परत देण्याची अनुमती नेमणूकपत्रातच लिहून द्यावी, आणि त्या कामाचे तास पगारी तासांत धरावे. शेअरच्या सभासदांनी ते काम रात्री घरी बसून केले नव्हते. ते कचेरीच्या वेळेत, पगारावर आणि वरिष्ठांच्या संमतीने झाले होते.