दोघांनीच कुठं जायचं असतं का?

(आपल्या महासंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे मनोगत. सभेला येऊ न शकलेल्या गटांनी मागणी केली म्हणून इथे छापत आहोत.)



मी माइक हातात घेतला की तुम्हाला माहीत असतं मी काय बोलणार. पंचसूत्री! नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नोंदी. आज त्यातलं काही बोलणार नाही. आज माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे. नवऱ्याला विचारून सांगतेय बरं का. तो म्हणाला, "माझं नाव घेऊ नको, बाकी सांग."

मागच्या पावसाळ्यात एका गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं होतं, "तुम्ही नवरा-बायको दोघंच, असं शेवटचं कुठं गेला होता?" बारा जणी होत्या. आधी सगळ्या हसल्या. मग एकीने सांगितलं, "दवाखान्यात." दुसरी म्हणाली, "भावकीतल्या लग्नाला, पण ते पुरुषांच्या गाडीत आणि मी बायकांच्या." तिसरी म्हणाली, "जोतिबाला, पण घरची अकरा माणसं संगं." आणि एक काकी म्हणाल्या, "बँकेत. कर्जाच्या सहीला." त्यावर इतकं हसू झालं की अजेंडा बाजूलाच राहिला.

घरी जाताना गाडीवर मात्र माझ्या मनात आलं, माझं तरी काय वेगळं आहे? लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तो एमआयडीसीत शिफ्टला. मी दिवसभर तुमच्या बैठकांना. तो रात्रपाळी करून येतो तेव्हा माझी निघायची घाई. घर दोन खोल्यांचं. सासू-सासरे, दीर आणि आम्ही. आमचं बोलणं म्हणजे "दूध आणलं का", "गॅस संपत आलाय", "लाइट बिल भरलं का". आणि त्यातच गेल्या काही महिन्यांपासून तो गप्प गप्प असायचा. पगार हातात कमी पडायला लागला होता. विचारलं तर म्हणायचा, ओव्हरटाइम बंद झालाय. खोटं सांगत नाही, माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं होतं. पण विचारणार कुठं? भिंतीपलीकडे सासूबाई, अलीकडे दीर.

मग मी एक डबा ठेवला. हळदीचा रिकामा डबा. नवऱ्याला म्हटलं, ह्यात दर महिन्याला तू साडेतीनशे टाक, मी साडेतीनशे टाकते. कशाला, तर समुद्र बघायला. दोघंच. तो माझ्याकडे बघतच राहिला. पण टाकत गेला. ऑगस्ट ते जानेवारी, सहा महिन्यांत चार हजार दोनशे रुपये झाले.

आता घरी सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. सासूबाईंनी विचारलं, "देवाला चाललाय व्हय?" म्हटलं, "नाही आई, असंच." "असंच? दोघंच?" शेजारच्या काकूंनी तर विचारलं, "आता कुठलं गं हनिमून?" मला लाज वाटली. क्षणभर वाटलं, कुणकेश्वराचं दर्शन आहे म्हणून सांगून टाकावं. कोकणातच आहे ते, खोटंही फार झालं नसतं. पण सांगितलं नाही. खरंच तेच सांगितलं, "दोन दिवस दोघांनी जरा बसून बोलायचंय." सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र चटणी-भाकरी बांधून दिली.

शनिवारी पहाटेची एसटी धरली. १७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, तुम्हाला माहीतच आहे. कंडक्टरने त्याचं पूर्ण आणि माझं अर्धं फाडलं. नवरा म्हणाला, "तू माझ्यापेक्षा स्वस्त पडलीस." राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो, कणकवलीवरून मालवण. तिथून रिक्षाने देवबाग.

देवबाग कसं आहे सांगते. मालवण तालुक्यातलं लहानसं गाव. गाव म्हणजे जमिनीची एक लांब चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे नारळाची झाडं आणि घरं. पुढे गेलं की नदी समुद्राला मिळते, तो संगम दिसतो. तिथली बरीच घरं मासेमारी करतात आणि घरातल्याच एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात.

आम्ही उतरलो ते घर एका ताईंचं. त्याही बचत गटातल्या! गटातून कर्ज घेऊन त्यांनी मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्यात. दोघांची आधार कार्डं बघितली, वहीत नोंद केली, पाण्याची कळशी दिली आणि म्हणाल्या, "जेवाक हाक मारतंय." बस. कोण, कुठले, लग्नाला किती वर्षं झाली, पोरबाळ का नाही, एक प्रश्न नाही. आपल्याकडे दाजीपूरला गवे बघायला शहरातली जोडपी येतात. तुमच्यातल्या कुणी पुढे त्यांच्यासाठी खोल्या काढल्या तर हे लक्षात ठेवा. पाहुण्याला चांगलं जेवण लागतं, स्वच्छ संडास लागतो आणि कुणी टक लावून बघू नये हेही लागतं.

दुपारी बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, भात आणि सोलकढी. मी दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण, मधे न उठता, शेवटचं कधी जेवले होते ते आठवेना. तुम्हालाही आठवणार नाही.

बघण्यासारखं खूप होतं. मालवणच्या धक्क्यासमोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे. १६६४ साली महाराजांनी त्याचं बांधकाम सुरू केलं. तारकर्लीला बोटी आहेत, पाण्याखालचं जग दाखवतात. आम्ही मुद्दाम कमी बघितलं. फिरायला पैसे थोडे होते आणि वेळही. संध्याकाळी वाळूत जाऊन बसलो.

पहिला अर्धा तास आम्हाला बोलायला काही सुचेना! खरंच सांगते. इतक्या दिवसांचा संसार आणि दोन माणसांना बोलायला विषय नाही. सूर्य खाली गेला, लोक उठून जायला लागले. आणि मग नवरा म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

त्याने चाळीस हजारांचं कर्ज काढलं होतं. खासगी फायनान्सकडून, महागड्या व्याजाने. माझ्या नणंदेचं बाळंतपण अडलं होतं, सिझर झालं, तेव्हा हॉस्पिटलचं बिल त्यानेच भरलं होतं. मला वाटत होतं तिच्या सासरच्यांनी भरलं. महिन्याला साडेतीन हजारांचा हप्ता जात होता. ओव्हरटाइम वगैरे काही बंद झालं नव्हतं.

मी चिडले. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू दिवसभर बायकांना शिस्त शिकवतेस. मला वाटलं तू हिशोब मागशील. धीर देशील असं वाटलं नाही."

मैत्रिणींनो, हे मला फार लागलं. तुमच्यातली कुणी कर्ज मागायला आली की मी विचारते, "ताई, अडचण काय आहे? सावकाश सांगा." हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. घरच्या माणसाला एकदाही म्हटलं नव्हतं. त्याच्याशी मी जे बोलायचे ते "पगार झाला का" आणि "इतकाच कसा".

त्या रात्री आम्ही काही गोडीगुलाबीने राहिलो असं समजू नका. तो एका कुशीवर, मी दुसऱ्या. लाटांचा आवाज रात्रभर येत होता. पण सकाळी उठलो तेव्हा दोघांनाही हलकं वाटत होतं.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. रापण म्हणजे मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोन रांगा. मधे अंतर. आम्हीही हात लावला. माझा नवरा एका दोराला, मी दुसऱ्या. तिथले एक आजोबा ओरडत होते, ती रांग पुढे गेली, तुम्ही ओढा, ती थांबली, तुम्ही थांबा. एकीकडून जास्त ओढलं की जाळं तिरकं येतं. जाळ्यात मासळी थोडीच होती. तरी त्यांनी आमच्या हातात दोन बांगडे ठेवले. हात लावला की वाटा, म्हणाले. ताईंनी ते दुपारी तळून दिले.

मग घावणे-चटणी खाता खाता एसटीच्या तिकिटामागे आम्ही हिशोब मांडला. बाकी किती, व्याज किती, कुठून फेडायचं. हे काम घरीही झालं असतं असं तुम्ही म्हणाल. नसतं झालं. सहा महिने झालं नव्हतंच की.

निघताना मी त्या ताईंना विचारलं, "तुम्ही दोघं संध्याकाळी बसता का किनाऱ्यावर?" त्या हसल्या. "आमका खंयचो येळ?" घरापासून समुद्र शंभर पावलांवर. कितीतरी जोडप्यांना त्यांनी चहा नेऊन दिलाय तिथं. स्वतः नवऱ्याबरोबर एकदाही बसलेल्या नाहीत. म्हणजे बघा, समुद्र लांब आहे ही आपली अडचण नाहीच.

म्हणून तुम्हाला सांगते, देवबागलाच जा असं माझं म्हणणं नाही. शेताच्या बांधावर बसा, धरणावर जा, पण दोघंच जा. महिन्यातून एकदा, मोबाईल घरी ठेवून. डबा ठेवा, त्यात दोघांनी टाकायचं, एकटीने नाही. घरी विचारलं तर देवाचं नाव पुढे करू नका, खरं सांगा. आणि तिथं गेल्यावर पहिला प्रश्न पैशाचा नको. "कसं चाललंय तुमचं?" एवढं विचारा. उत्तर लगेच येणार नाही. थांबा.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगते. ज्या घरात दारू पिऊन मारहाण होते, तिथं समुद्र दाखवून काही सुधारत नाही. त्या ताईने सहल काढायची नाही, मदत मागायची. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे, आणि आम्ही आहोत. आणि माझ्या एकल बहिणींनो, हे बोलणं फक्त जोडप्यांचं आहे असं समजू नका. तुमच्या डब्यात एखादी मैत्रीण भागीदार होऊ द्या. मन मोकळं करायला जागा तुम्हालाही हवीच.

आता शेवटचं. परत आल्यावर आम्ही सासूबाईंना कर्जाचं सगळं सांगितलं. त्या त्यांच्या गटात बोलल्या, गटाने अंतर्गत कर्ज दिलं आणि ते महागडं कर्ज मिटवलं. आता हप्ता गटात जातो आणि तो किती आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्याच रात्री भाकऱ्या थापताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "काय गं, समुद्राचं पाणी खरंच खारट असतंय व्हय?"

त्यांचं वय अठ्ठावन्न. पंढरपूर झालं, जोतिबा झाला, दरवेळी वीस माणसांच्या घोळक्यात. समुद्र बघितलेला नाही. आणि मी दोन दिवस जाऊन आले तरी हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हळदीच्या डब्यात आता चौघांचे पैसे पडतात. सासरे म्हणतात गुडघे दुखतात, मी काय येत नाही. सासूबाई म्हणतात, यायलाच लागतंय, तिकीट माझं अर्धंच आहे. पावसाळा संपला की ते दोघं जाणार आहेत. दोघंच. आम्ही फक्त एसटीत बसवून द्यायचं.

पुढच्या बैठकीला मी आले की तुम्हाला पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे. ह्यावेळी "बँकेत" हे उत्तर चालणार नाही.

जय जिजाऊ, जय सावित्री.