घर, शाळा आणि शेजार

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता घरगुती वाटेल. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाने मुंबईच्या उपनगरांत बिऱ्हाड करायचे तर कोठे करावे, म्हणजे मुलांना बरी शाळा मिळेल? महागाई, रेशन आणि घरभाडे हे प्रश्न आपण फार पूर्वीच चव्हाट्यावर आणले. परंतु शाळेची निवड मात्र आपण आईबापांच्या हिशेबावर आणि नशिबावर सोपवली. ही निवड कुटुंबच करते हे खरे. पण ज्या चार-दोन पर्यायांतून ती करावयाची, ते पर्याय राज्यकर्त्यांच्या निर्णयांनी ठरलेले असतात. माझे आजचे सांगणे एवढ्यापुरतेच आहे.

हे पर्याय कसे घडले ते आधी पाहू. लालबाग-परळच्या चाळींतील कामगाराची खोली लहान होती, पण पालिकेची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगाव विस्कटले. कुटुंबे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी रेल्वेच्या रुळांबरोबर दूर सरकत गेली. तेथे इमारती आधी उभ्या राहिल्या; नळ, गटारे आणि शाळा मागाहून. कल्याण-डोंबिवलीची महापालिका १९८३ साली झाली, वसई-विरारची २००९ साली. म्हणजे वस्ती आधी आणि तिची जबाबदारी घेणारी संस्था नंतर, असा उलटा क्रम येथे घडला. मधल्या काळात शाळेची जी पोकळी राहिली, ती खासगी संस्थांनी फी घेऊन भरून काढली.

आता अशा कुटुंबाच्या हिशेबाकडे वळू. समजा, महिना पंचवीस हजार मिळवणाऱ्या कुटुंबापुढे दोन जागा आहेत. स्टेशनजवळच्या जागेचे भाडे नऊ हजार, आडबाजूच्या जागेचे सहा हजार. तीन हजार वाचले, असे प्रथमदर्शनी वाटते. पण दूरच्या जागेहून दोन मुलांच्या शाळेच्या गाडीला चोवीसशे रुपये लागले आणि कमावत्या माणसाला शेअर रिक्षाचे दोन वेळचे चाळीस रुपये पडले, तर सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस होतात. बचत संपून चारशे चाळीस रुपये पदरचे गेले, शिवाय रोजचा तास-दीड तास गेला तो निराळाच. म्हणून भाडे, फी, गाडीभाडे आणि वेळ ह्या चारही गोष्टी एकत्र मांडल्याखेरीज कोणतीही जागा स्वस्त म्हणू नये.

शाळा चांगली कशावरून म्हणावी? फाटकावरील ‘इंटरनॅशनल’ ह्या शब्दावरून नव्हे. पालकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. वर्गात मुले किती आणि प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक किती? कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. शिक्षक टिकतात की दरवर्षी बदलतात? मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे काय? शाळा कितवीपर्यंत आहे, आणि तेथून पुढे मूल कोठे जाणार? फीखेरीज गणवेश, पुस्तके आणि ‘उपक्रम’ ह्यांचे वर्षाकाठी किती होतात? शाळेला शासनाची मान्यता आहे काय? ठाणे-पालघर पट्ट्यातील अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग वेळोवेळी जाहीर करतो. त्या न पाहता प्रवेश घेतला तर पुढे मुलाच्या दाखल्याचीच पंचाईत होते.

माध्यमाचा प्रश्न टाळून चालणार नाही. इंग्रजी यावे ही पालकांची इच्छा रास्त आहे. तिची टिंगल करणे हा सुस्थितांचा छंद आहे. मात्र ज्या घरात मुलाचा अभ्यास घेणारे इंग्रजी जाणणारे कोणी नाही, तेथे फीच्या जोडीला शिकवणीचा खर्चही येतो. मराठी शाळेतील सेमी-इंग्रजी वर्ग, जेथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, हा पर्याय अशा कुटुंबांनी आधी तपासावा.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला ह्या बंधनातून मोकळे करणारी अधिसूचना काढली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. हक्क वाचला, पण तो पदरात पडणे सोपे नाही. प्रवेशात शाळेपासूनचे अंतर मोजले जाते, म्हणून पत्ता निर्णायक ठरतो. भाडेकरूकडे नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो, आणि घरमालक तर करार नोंदवायला राजी नसतो. शिवाय हा मोफत हक्क आठवीपर्यंतचाच. नववीत पूर्ण फीचे पत्रक हाती पडते. घर निवडताना नववी-दहावीची तरतूद आजच पाहावी, असे मी म्हणतो ते ह्यासाठी.

ह्या साऱ्याच्या मुळाशी जुना प्रश्न आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दाखवून दिले होते की, सरकारी महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, शेजारशाळेची कल्पना मांडली: परिसरातील सर्व मुलांनी, घरची स्थिती कशीही असो, एकाच शाळेत शिकावे. त्यामागचा व्यवहार स्पष्ट होता. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांचीही मुले त्या शाळेत असली, तर गळके छप्पर वर्षानुवर्षे तसेच राहत नाही. ती मुले निघून गेली की शाळेसाठी भांडणारा आवाजही निघून जातो.

तथापि ह्यावरून कोणाही आईबापाला, ‘तत्त्वासाठी आपल्या मुलाची वर्षे पणाला लाव,’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. पडक्या शाळेत मूल घालण्याचा उपदेश करण्याआधी ती शाळा सुधारण्याची जबाबदारी आपण घेतली पाहिजे. त्या दृष्टीने चार कामे सुचवतो.

पहिले, प्रत्येक प्रभागातील शाळांची माहिती, इयत्ता, शिक्षकसंख्या, मान्यता आणि एकूण खर्च, स्वतः हिंडून गोळा करावी व शाखेच्या फळ्यावर लावावी. नव्याने जागा शोधणाऱ्यास तिचा दलालाच्या शब्दापेक्षा अधिक उपयोग होईल. दुसरे, भाडेकरार नोंदवून घेण्यास भाडेकरूंना मदत करावी आणि ते काम प्रवेशाच्या तारखांपूर्वी उरकावे. तिसरे, सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. ह्या समित्या कागदावर राहू देऊ नयेत. घरकाम करणारी आई त्या बैठकीस येईल अशीच वेळ ठरवून घ्यावी. चौथे, विकास आराखड्यात शाळा व मैदानांसाठी राखलेल्या भूखंडांवर लक्ष ठेवावे. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि पालिका त्यानंतरच्या मुदतीतही स्वस्थ बसली तर आरक्षण रद्द होते. एकदा तेथे टोलेजंग इमारत उठली की त्या वस्तीची शाळा कायमची गेली.

आणि ह्या चारही कामांतून एक मागणी पुढे न्यावी: चालत जाण्याच्या अंतरावर, दहावीपर्यंतची, पुरेशा शिक्षकांची सार्वजनिक शाळा प्रत्येक वस्तीला मिळालीच पाहिजे. ती मिळाली तर भाड्याची खोली शोधणाऱ्या कामगाराला शाळेसाठी गाव सोडून गाव धुंडाळावे लागणार नाही. जून महिना दरवर्षी येतो. त्याआधी निदान पहिले काम आपापल्या प्रभागात पुरे करू या.