बेचाळीस किलोमीटर आणि घरची साथ

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





या व्यासपीठावर आजवर डॉक्टर आले, वकील आले, प्राध्यापक आले. माझ्यासारख्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेला बोलावण्याचे कारण एवढेच, की जानेवारी 2023 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पुरी केली. पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. नामवंत धावपटू हे अंतर याच्या निम्म्याहूनही कमी वेळात धावतात, तेव्हा माझ्या पराक्रमाचे कौतुक करण्यासारखे फारसे काही नाही. मला बोलायचे आहे ते, हे अंतर एका घराकडून काय काय मागते, त्याविषयी.

मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. आपल्या शरीरात, स्नायूंत आणि यकृतात, साखरेचा जो साठा असतो तो साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. त्यानंतर पाय शिशाचे होतात. धावणारे लोक याला ‘भिंत’ म्हणतात. या भिंतीपलीकडे जायचे तर शरीराला महिनोन् महिने सवय लावावी लागते. आठवड्यातून चार दिवस धावणे, त्यातील एक दिवस, बहुधा रविवार, लांब पल्ल्याचा. पंधरा, वीस, पंचवीस आणि शेवटी तीस-बत्तीस किलोमीटर. माझी तयारी वीस आठवडे चालली. म्हणजे वीस रविवार. आता मला सांगा, आपल्या घरांत रविवारी सकाळी गृहिणी चार तास घराबाहेर राहिली तर काय होईल? मटण कोण आणील, मसाला कोण वाटील, मुलांना न्हाऊ कोण घालील, आणि दहा वाजता पाहुणे आले तर चहा कोण ठेवील?

मॅरेथॉनचा खरा प्रश्न हा आहे. पायांचा प्रश्न नंतरचा.

पालकहो, तुमच्यापैकी अनेकांनी बारामतीच्या लता भगवान करे यांचे नाव ऐकले असेल. 2014 च्या सुमारास वर्तमानपत्रांत त्यांचे छायाचित्र आले होते. साठी ओलांडलेली बाई, अंगात नऊवारी लुगडे, पाय अनवाणी, आणि बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात पहिली! नवरा आजारी, डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितलेला आणि गाठीला पैसा नाही. बक्षिसाचे पाच हजार रुपये मिळतील म्हणून ती माउली धावली. ज्येष्ठांची ती शर्यत थोड्या अंतराची होती, बेचाळीस किलोमीटरची नव्हे. पण रोजच्या कष्टाखेरीज दुसरा सराव नसताना, चपलांवाचून डांबरावर धावायचे म्हणजे काय, हे धावणाऱ्यालाच कळेल. पुढे त्यांच्या नावानेच चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि 2021 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला.

ही हकीगत मी शाळेत मुलांना सांगते आणि दर वेळी माझा गळा दाटून येतो. तरीही एक विचार मनात येतोच. नवऱ्यासाठी बायको धावली याचे आपणा सर्वांना कौतुक वाटले आणि ते रास्तच होते. परंतु घरात कोणी आजारी नाही, पैशाची नड नाही, केवळ तिला धावावेसे वाटते, एवढ्याच कारणासाठी बायको धावली आणि नवऱ्याने घर सांभाळले, तर आपण तिचे तितके कौतुक करतो काय? की तिला घरी काही काम नाही असे म्हणतो? मला दोन्ही प्रकारचे लोक भेटले. दुसऱ्या प्रकारचे जास्त.

माझ्या पतींचे लाईन बाजारात दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. मी धावायचे म्हटले तेव्हा ते म्हणाले, “धाव की, मी कुठे नको म्हणतोय?” भगिनींनो, हे वाक्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ही झाली परवानगी. परवानगीला खर्च काही पडत नाही. पहिले तीन आठवडे मी त्या परवानगीवर काढले. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, मग धावायला जायचे आणि आल्यावर शाळा गाठायची. चौथ्या आठवड्यात माझे वजन घटले, आणि वर्गात फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

त्या रात्री आम्ही दोघे हिशेबाला बसलो. अगदी दुकानाच्या वहीत, जमा-खर्च मांडावा तसा. घरातील कामे एका बाजूला, करणाऱ्याचे नाव दुसऱ्या बाजूला. माझ्या नावापुढे एकोणीस कामे निघाली, त्यांच्या नावापुढे चार. ते बराच वेळ वहीकडे पाहत बसले. मग त्यांनी पेन घेतले आणि सात कामांपुढचे माझे नाव खोडून स्वतःचे लिहिले. दोन मोठ्या मुलाकडे गेली. भाकरी त्यांना अखेरपर्यंत जमली नाही, ती कोल्हापूरच्या नकाशासारखीच व्हायची; पण भात, डाळ आणि अंडाकरी झकास करू लागले. सासूबाई पहिला महिना अबोल होत्या. लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी. ती खोटीही नव्हती, कारण लोक म्हणतच होते. आपल्या लेकाला चुलीपुढे पाहणे त्यांना जड गेले. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांच्या हयातीत त्यांना एक रविवारही सुटीचा मिळालेला नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आमच्या बावड्याची ओळख तुम्हांला सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान लक्ष्मी-विलास पॅलेस येथलेच, आणि राजाराम कारखानाही येथलाच. हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. बावडा-शिये रस्त्यावर एकट्या बाईने पाचाच्या आत धावणे, केवळ लोकलाजेमुळे नव्हे, जिवाच्या दृष्टीनेही बरे नव्हे. दर रविवारी माझे पती सायकल घेऊन मागून येत. हँडलला विजेरी बांधलेली, पाठीवर पिशवी. पिशवीत पाणी, मीठ-साखरेचे सरबत, खजूर आणि गुळाचे खडे. कोल्हापुरात राहून महागडी पाकिटे कशाला विकत घ्यायची, असे त्यांचे म्हणणे. आणि गुळाने माझे काम चोख बजावले. पूर्ण बाह्यांचा सदरा, सैल विजार आणि डोक्याला पातळ कापडाचा रुमाल, हा माझा पोशाख. सुती ओढणी घामाने जड होते, एवढी एक सूचना मुलींसाठी देऊन ठेवते.

येथे कोणी विचारील, पतीपत्नीने धावण्यापळण्याच्या गोष्टी करणे आपल्या रीतीत बसते काय? तर प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांनी एकमेकांशी धावण्याची शर्यत लावल्याची नोंद अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. पहिल्या वेळी हजरत आयेशा जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली तेव्हा त्या मागे पडल्या, आणि आता त्या शर्यतीची फेड झाली, असे प्रेषित त्यांना म्हणाले. जाणकारांना हे ठाऊकच आहे. मी आलिम नाही, म्हणून येथेच थांबते.

दुसरे उदाहरण दूरदेशचे, चेकोस्लोव्हाकियाचे. एमिल झाटोपेक आणि डाना झाटोपकोवा हे जोडपे. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, 19 सप्टेंबर 1922. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये 24 जुलै 1952 रोजी एमिलने पाच हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकले. डानाने ते शकुन म्हणून आपल्या पिशवीत ठेवले आणि थोड्याच वेळात भालाफेकीत 50.47 मीटर भाला फेकून स्वतःचे सुवर्णपदक मिळवले. नंतर एमिल थट्टेने म्हणाला, हिच्या यशात माझ्या प्रेरणेचा वाटा आहे. त्यावर डानाने उत्तर दिले, असे असेल तर दुसऱ्या एखाद्या मुलीला प्रेरणा देऊन पाहा, पन्नास मीटर भाला जातो का! तीन दिवसांनी एमिल आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावला आणि तीही जिंकला. मला डानाचे उत्तर फार आवडते. साथ देणाऱ्याचे आभार मानावेत, पण भाला आपणच फेकला हे विसरू नये. आणि मॅरेथॉनपुरते बोलायचे तर, एमिल जिंकला त्यानंतर बत्तीस वर्षांनी, 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये ती प्रथम धावायला मिळाली. बायकांना हे अंतर झेपणार नाही असे मोठमोठे लोक तोवर मानत आले होते.

मुंबईत मी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटले. सागरी सेतूवर वारा छान होता. परतताना पेडर रोडचा चढ आला तेव्हा पायांत काही उरले नव्हते. तेथे मी धावले नाही, चालले, आणि तशा पुष्कळांना चालताना पाहिले. माझे पती शेवटच्या रस्त्यावर धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते. तिच्या हातात गुळाचा खडा होता, निम्मा तिनेच खाल्लेला.

आता ते स्वतः दहा किलोमीटरची तयारी करीत आहेत. वहीतली नावे पुन्हा थोडी बदलली आहेत. मी घातलेली एकच अट, की सात कामांपैकी पाच त्यांच्याकडेच राहतील.

मेळाव्याआधी काही मातांनी मुलींविषयी विचारले, त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबईसारख्या स्पर्धेत पूर्ण मॅरेथॉनला अठरा वर्षांखाली प्रवेश नसतो, आणि नसावाच. शाळकरी मुलींना दोन-तीन किलोमीटर पुरे. रविवारी सकाळी सहाला मी मैदानावर असते, सध्या सात मुली येतात. मुलीला एकटी पाठवू नका. आईने किंवा वडिलांनी बरोबर यावे. येताना पाण्याची बाटली आणि पायांत मोजे असू द्यावेत. आणि वडील आले तर त्या दिवशी नाश्त्याचे काय करायचे, ते आदल्या रात्रीच घरी ठरवून यावे.